सिस्टर कोणाची बहीण?



आमच्या वर्गात कपाटावर एक प्रश्नपेटी आहे. पेटी कसली, बुटांचा रिकामा खोका आणि त्याला वरून पाडलेली फट. ज्याला जो प्रश्न पडेल तो चिठ्ठीवर लिहायचा आणि आत टाकायचा. नाव लिहायची सक्ती नाही. दर शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही खोका उघडतो. बहुतेक चिठ्ठ्या ‘डासांना कान असतात का?’ आणि ‘सुट्टी कधी लागणार?’ अशा असतात. पण एका शनिवारी एक वेगळीच चिठ्ठी निघाली. ‘बाई, दवाखान्यातल्या सिस्टर कोणाच्या बहीण असतात? आणि त्या लग्न का करत नाहीत?’

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरचा एक जण लगेच उभा राहिला. “काहीही काय! माझी मावशी सिस्टर आहे. तिला दोन मुलं आहेत!” चिठ्ठी लिहिणारी मुलगी मग गप्प बसेना. तिची आजी मिशनच्या दवाखान्यात होती. तिथल्या पांढऱ्या झग्यातल्या, गळ्यात क्रूस घातलेल्या सिस्टरनी स्वतःच तिला सांगितलं होतं, की आमचं लग्न होत नसतं. झालं! वर्गाचे दोन पक्ष पडले.

गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. आपण नर्सबाईंना सिस्टर म्हणतो, आणि ख्रिस्ती धर्मात ज्या स्त्रिया व्रत घेऊन एकत्र राहतात त्यांनाही सिस्टर म्हणतात. युरोपात पूर्वी कितीतरी दवाखान्यांत रुग्णांची सेवा या व्रतस्थ स्त्रियाच करत. म्हणून नर्सलाही तेच नाव चिकटलं. वसईकडे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक अशा सिस्टरना ‘धर्मभगिनी’ असंही म्हणतात. त्या जिथे एकत्र राहतात त्या घराला म्हणतात ‘कॉन्व्हेंट’. आपण मात्र इंग्रजी शाळेलाच कॉन्व्हेंट म्हणून मोकळे होतो!

आता दुसरा प्रश्न, लग्न का करत नाहीत? त्यासाठी ‘व्रत’ म्हणजे काय ते आधी बघू.

तुमच्या घरात कोणी चातुर्मासाचा नेम धरतं का? माझी आजी चार महिने वांगं खात नसे. घरात भरली वांगी झाली, वासाने सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, तरी ती आपली शांतपणे आमटी-भात कालवून घ्यायची. मी विचारायची, “आजी, एक फोड खाल्लीस तर कोणाला कळणार आहे?” ती म्हणायची, “मला कळेल ना!” माळकरी आजोबाही तसेच. एकदा गळ्यात तुळशीची माळ घातली की घातली. जैन साध्वी अनवाणी चालतात, बौद्ध भिक्खू संघाचे नियम पाळतात. स्वतःहून दिलेला आणि पाळायचा शब्द म्हणजे व्रत. ही कल्पना आपल्याला नवी नाही.

ख्रिस्ती धर्मातही असे व्रतस्थांचे संघ आहेत. काही शेकडो वर्षांपूर्वीचे, काही अलीकडचे. कोणी शाळा चालवतात, कोणी दवाखाने, तर कोणी मठात राहून फक्त प्रार्थना आणि हातांनी काम करतात. पुरुषांना ‘ब्रदर’ किंवा ‘फादर’ म्हणतात. (सगळेच फादर अशा संघातले नसतात बरं का! चर्च सांभाळणारे कितीतरी फादर आपापल्या बिशपांच्या हाताखाली काम करतात.) या संघांची व्रतं साधारणपणे तीन. पहिलं अपरिग्रहाचं, म्हणजे स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही. शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगारसुद्धा त्यांच्या संघाच्या सामायिक खजिन्यात जातो. दुसरं ब्रह्मचर्याचं, म्हणजे लग्न आणि स्वतःचा संसार करायचा नाही. तिसरं आज्ञापालनाचं. कुठे राहायचं, कोणतं काम करायचं हे संघातले वडीलधारे ठरवणार.

“बाई, मग लहानपणीच देऊन टाकतात का त्यांना?” एकीने घाबरून विचारलं. नाही गं बाई! आजच्या चर्चच्या कायद्यानुसार सतरा वर्षं पूर्ण होण्याआधी कोणाला उमेदवारीतही घेता येत नाही. उमेदवारीचं निदान एक वर्ष. मग काही वर्षांपुरती तात्पुरती व्रतं. तेवढ्यात ‘हे माझं काम नव्हे’ असं वाटलं तर मुदत संपल्यावर घरी जाता येतं. कायमची व्रतं घ्यायला किमान एकवीस वर्षांचं असावं लागतं, आणि तीही मनापासून. बळजबरीने घेतलेलं व्रत व्रतच नव्हे.

हे सगळं सांगून झाल्यावर मी वर्गाला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. तिथल्या ट्रेमेलो गावात ३ जानेवारी १८४० रोजी एका शेतकरी कुटुंबात योसेफ दि वूस्टर नावाचा मुलगा जन्मला. धट्टाकट्टा, कष्टाळू आणि एक नंबरचा हट्टी. त्याचा थोरला भाऊ ऑग्युस्त एका धर्मसंघात गेला, पाठोपाठ हाही गेला. तिथे त्याला नवं नाव मिळालं, डेमियन. फादर व्हायचं तर लॅटिन यायला हवं. डेमियनचं लॅटिनच्या नावाने शून्य! वरिष्ठ म्हणाले, हा काही फादर व्हायचा नाही. मग भावानेच त्याला शिकवलं आणि हा पठ्ठ्या शिकला.

१८६० च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये त्याने कायमची व्रतं घेतली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्या समारंभात व्रत घेणाऱ्याला जमिनीवर पालथं झोपवून वरून काळं कापड पांघरत. मेलेल्या माणसाच्या पेटीवर घालतात तसं. आपलं स्वतःपुरतं आयुष्य इथे संपलं, असा त्याचा अर्थ. हे काळं कापड लक्षात ठेवा हं!

पुढे भावाची नेमणूक प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर झाली. पण निघायच्या आधी तो तापाने आजारी पडला. डेमियनने काय करावं? आपल्या जवळच्या वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला, संघप्रमुखांनाच पत्र लिहिलं, ‘भावाच्या जागी मला पाठवा.’ आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्याने असं करायचं नसतं. पण परवानगी आली! आईचा निरोप घेऊन तो जहाजात बसला. कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजी होनोलुलुला उतरला. आईची आणि त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होतं, तिथे राजा होता. बाहेरून येणाऱ्या जहाजांबरोबर तिथे नवनवे रोगही आले होते. त्यातला एक कुष्ठरोग. त्यावर औषध नव्हतं. लोक इतके घाबरले, की १८६५ साली कायदा झाला. ज्याला कुष्ठरोग आहे त्याला पकडायचं आणि मोलोकाई बेटावर नेऊन सोडायचं. त्या बेटाला उत्तरेकडे समुद्रात घुसलेलं जमिनीचं एक टोक आहे, कलाउपापा. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि मागे सुमारे दोन हजार फूट उंच सरळ कडा. पळून जाणार कुठे? १८६६ पासून तिथे माणसं आणून सोडू लागले. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती. घरून निघताना त्यांना माहीत असायचं, की आता परत यायचं नाही.

बिशपांनी आपल्या फादरना विचारलं, तिथे जायला कोण तयार आहे? मी हुकूम देणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. चौघांनी हात वर केले. पाळीपाळीने जायचं ठरलं आणि पहिली पाळी लागली डेमियनची. १० मे १८७३ ला तो तिथे उतरला. वय वर्षं तेहतीस. राहायला घर नव्हतं. तिथल्या छोट्या चर्चशेजारी केवड्याच्या जातीचं एक झाड होतं, त्याखालीच तो झोपला. थोड्याच दिवसांत त्याने कळवलं, ‘पाळी नको. मी इथेच राहतो.’

का बरं? त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय. त्याला ते काळं कापड आठवलं होतं. आपण एकदा त्याखाली झोपून उठलो आहोत, मग आता भ्यायचं कशाला!

आता तुम्हाला वाटेल, तिथे तो नुसती प्रार्थना करत बसला असेल. छे! त्याने आधी करवत आणि हातोडा उचलला. लोक गवताच्या झोपड्यांत राहत होते, त्यांच्यासाठी लाकडी घरं बांधली. पाणी लांबून आणावं लागे. बोटं झडलेल्या माणसाने घागर कशी धरायची? त्याने नळ मिळवले आणि रुग्णांना हाताशी धरून पाणी वस्तीपर्यंत आणलं. जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. अनाथ मुला-मुलींसाठी घरं उभारली. मुलांना वाद्यं मिळवून देऊन बँड तयार केला. जो मरेल त्याच्यासाठी स्वतः रंधा मारून पेटी बनवली आणि खड्डाही स्वतःच खणला. बोलताना तो ‘तुम्ही रुग्ण’ असं म्हणत नसे, ‘आपण रुग्ण’ म्हणे. अजून त्याला रोग झालेलाही नव्हता, तेव्हापासून!

पण एका गोष्टीने तो फार एकटा पडला. व्रतस्थ माणूस एकटा राहत नसतो. जेवायला, प्रार्थनेला, चुकलं तर सांगायला आपले लोक सोबत असतात. डेमियनला तिथे बराच काळ आपल्या संघातलं कोणी नव्हतं. कॅथलिक लोकांत आपल्या चुका फादरपाशी कबूल करायची रीत आहे. ती अगदी खाजगी गोष्ट असते. एकदा त्याचे वरिष्ठ जहाजातून आले, पण त्यांना किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. डेमियनलाही जहाजावर चढू दिलं नाही. मग त्याने खाली होडीत उभं राहून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने ओरडून आपल्या चुका कबूल केल्या! विचार करा, तुमची दिवसभराची खोटं बोललेली यादी तुम्हाला शाळेच्या पटांगणात ओरडून सांगायला लावली तर?

१८८४ चा डिसेंबर. एके संध्याकाळी थकलेल्या डेमियनने पाय शेकायला कढत पाण्यात बुडवले. पायाला फोड आले, पण वेदना काही जाणवली नाही. तो काय समजायचं ते समजला. कुष्ठरोगात त्वचेची जाणीव जाते. त्यानंतर चार वर्षांहून अधिक काळ तो जमेल तसं काम करत राहिला. १५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी तो गेला. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली झोपला होता त्याच झाडाखाली त्याला पुरलं. पुढे १९३६ साली त्याचा देह बेल्जियमला नेण्यात आला, आणि २००९ साली रोममध्ये त्याला संत म्हणून जाहीर केलं गेलं.

वर्ग एकदम चिडीचूप झाला होता. मग तो मागच्या बाकावरचा म्हणाला, “बाई, तो एकदम चांगला होता का? कधी चिडला नाही?”

मला हा प्रश्न फार आवडला. कारण डेमियन चिडायचा! वरिष्ठांशी त्याचे खटके उडत. हे द्या, ते पाठवा, मदतीला माणूस द्या, अशी त्याची पत्रांवर पत्रं. वरिष्ठांना तो हट्टी आणि उद्धट वाटे. तो मेल्यावर होनोलुलुच्या हाइड नावाच्या एका पाद्र्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. डेमियन अडाणी, गबाळा आणि हेकट होता, असं त्यात होतं. त्याहून वाईट आरोपही होते. ते वाचून एक लेखक खवळला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन! डेमियन गेल्यावर थोड्याच आठवड्यांनी तो स्वतः कलाउपापाला जाऊन राहिला होता. तिथल्या आजारी मुलींबरोबर खेळला होता, आणि नंतर त्यांना पियानोही पाठवला. त्याने १८९० साली हाइड यांना उघड पत्र लिहिलं. त्यात त्याने डेमियनचे दोष लपवले नाहीत. डेमियन हट्टी होता, गबाळाही होता, हे मान्यच केलं. पण आपण सगळे आपापल्या सुरक्षित घरात बसलो होतो तेव्हा तिथे गेला तो हा माणूस, हे त्याने ठणकावून सांगितलं.

मला वाटतं, मुलांनो, व्रताचं खरं काम इथेच कळतं. व्रत घेतलं म्हणून माणूस देव होत नाही. हट्टी माणूस हट्टीच राहतो. कंटाळा येतो, घरची आठवण येते, राग येतो. पण ज्या दिवशी मन म्हणतं ‘पुरे झालं’, त्या दिवशी दिलेला शब्द हाताला धरून थांबवतो. उत्साह असताना कोणीही काम करेल हो! उत्साह संपल्यावर काय, याचं उत्तर म्हणजे व्रत.

आणि सिस्टर? हो, त्या राहिल्याच. कुष्ठरुग्णांसाठी परिचारिका हव्यात म्हणून १८८३ साली हवाईतून पन्नासहून अधिक धर्मसंघांना विचारणा झाली. होकार आला तो अमेरिकेतल्या सिरॅक्यूज गावच्या फ्रान्सिस्कन सिस्टरांचा. त्यांच्या प्रमुख मदर मेरिअन सहा जणींना घेऊन गेल्या. डेमियनच्या मृत्यूआधी पाच महिने त्या मोलोकाईला पोचल्या. ‘तुमच्या मुलांना आम्ही सांभाळू’ असा शब्द त्यांनी त्याला दिला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९१८ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं तो पाळला. त्या एका गोष्टीत फार कडक होत्या. हात धुणे! आपल्यापैकी एकीलाही हा रोग होणार नाही, असं त्या सिस्टरांना सांगत. आणि खरंच, एकीलाही झाला नाही. सेवा करायची म्हणजे स्वतःची काळजी घ्यायची नाही, असं थोडंच आहे?

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला तिचं उत्तर इथे मिळालं. ती म्हणाली, “म्हणजे त्या मुलांना घरचं कोणी नव्हतं, त्यांची बहीण!” मी मान डोलावली.

अजून एक सांगायला हवं. डेमियन मोलोकाईला उतरला त्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेतल्या डॉक्टर हॅन्सेन यांनी कुष्ठरोगाचे जंतू शोधले. औषध यायला मात्र १९४० चं दशक उजाडलं. हवाईतली सक्तीची कोंडवणूक १९६९ साली थांबली. तोपर्यंत सुमारे आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली होती. आज हा रोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळेवर औषध घेतलं तर हातापायांना काही होत नाही.

असं काम करायला धर्मसंघातच जायला हवं, असंही नाही. आपल्या वरोऱ्याजवळचं आनंदवन तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा आमटे आणि साधनाताई संसारी माणसं. त्यांची मुलंबाळं तिथेच वाढली आणि त्याच कामात पडली. वाटा वेगळ्या, पण दिलेला शब्द धरून ठेवणं तेच.

पालकहो, एक वाक्य तुमच्यासाठी. आपण मुलांना ‘रविवारी बागेत नेतो’ म्हणतो आणि विसरतो. मुलं विसरत नाहीत. मीही माझ्या वर्गाला ‘उद्या गोष्ट सांगते’ म्हणून कितीदा चुकवलंय. शब्द पाळायचा असतो हे मुलं पुस्तकातून कमी आणि आपल्याकडे बघून जास्त शिकतात.

आता या आठवड्याचा उद्योग. वहीच्या शेवटच्या पानावर एक छोटासा शब्द स्वतःला द्या. अगदी छोटा हं! ‘जेवल्यावर माझं ताट मी उचलेन’ किंवा ‘रोज कुंडीला पाणी घालेन’. सात दिवस खुणा करा. कितव्या दिवशी सगळ्यात जास्त कंटाळा आला तेही लिहा. माझा अंदाज, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी येईल! एखादा दिवस चुकला तर वही फेकू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. आणि एक लक्षात ठेवा. कोणी मोठं माणूस तुम्हाला ‘शपथ घे, हे घरी सांगणार नाहीस’ असं म्हणालं, तर तो शब्द पाळायचा नाही. सरळ घरी येऊन सांगायचं. शब्द मनापासून आणि उजेडात दिलेला असावा, मगच तो पाळायचा.

आमच्या वर्गाने उद्योग सुरू केलाय. मागच्या बाकावरच्याने लिहिलंय, ‘सात दिवस कोणाला हसणार नाही.’ बघू या, शनिवारी पेटी उघडेपर्यंत काय होतं ते!

तुमच्या,
बाई